शकुनाची बादली

तिसऱ्या खेपेलाही ड्रमची झाकणं फुगली.

सुचेता लॅबच्या खिडकीतून खाली बघत होती. अंगणात निळे ड्रम उन्हात ओळीनं उभे, आणि प्रत्येकाचं झाकण वर आलेलं, आत कुणीतरी गाल फुगवून हसू दाबत बसल्यासारखं. धाकूनं एक झाकण सैल केलं. फुस्स करून हवा सुटली आणि वास थेट वरपर्यंत आला. आंबलेली पेज, त्यात दोन-चार कुजके बटाटे. तिनं खिडकी लावून घेतली नाही. इतकी वर्षं फॉर्मॅलिनच्या वासात काढल्यावर हा वास निदान एखाद्या जित्या वस्तूचा तरी वाटत होता.

काशीमीऱ्याला हायवेच्या मागं, गॅरेजं संपतात तिथं हा कारखाना. इथं गम बनतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांना लागणारा, पाण्यात कालवलेला, सायीसारखा पांढरा गम. मिठाईची खोकी, औषधांची खोकी, बुटांची खोकी त्याच्या जिवावर उभी असतात आणि खोकं उघडताना कुणालाही त्याची आठवण होत नाही. पाण्यातला म्हणजे स्वच्छ, असं लोकांना वाटतं. पण ओलं म्हटलं की ते नासणारच. भिजवलेलं पीठ ओट्यावर विसरलं तर दुसऱ्या दिवशी काय होतं, ते कुठल्याही बाईला विचारा. म्हणून जुन्या गमात फॉर्मॅलिन पडायचं, तेही सढळ हातानं. ते जंतू मारायचं, आणि जाता जाता माणसांचे डोळे चुरचुरवायचं, घसा खरवडायचं. टाकी धुतलेलं पाणी मागच्या नाल्यात जायचं, नाला खाडीत. जेसल पार्कच्या बाजारात मासे घेताना सुचेता कोळणीला हमखास विचारायची, "खाडीचा नाही ना?"

कोळीण वैतागायची. "न्हाय गो बाई, उत्तनचा हाय. रोज काय इचारतेस?"

काय सांगणार तिला? की खाडीत जे जातं, त्याचं माप आमच्याच लॅबमधून निघतं म्हणून?

तर ते माप बंद करायचं, या एका गोष्टीपायी सुचेता वर्षभर खपली. मक्याचा स्टार्च घेतला, फॉर्मॅलिनला रजा दिली, त्याच्या जागी एक सौम्य औषध घेतलं. हे औषध थोडे दिवस राखण करतं आणि मग पाण्यात आपोआप विरून जातं. टाकी धुतलेलं पाणीही नाल्यात सोडायचं नाही. ते उकळून पुढच्या गमात वापरायचं. लॅबच्या बरणीत हा गम सहा-सहा महिने राहिला. वास नाही, चव घ्यावी इतका गोजिरा. आणि खाली मोठ्या टाकीत केला, की पंधरवड्याच्या आत झाकणं वर.

पायऱ्यांवर बूट वाजले. गुणवंतशेठ रुमाल नाकाला लावूनच आत आले. वडील गेल्यापासून कारखाना तेच बघत होते. माणूस वाईट नव्हता; फक्त घाईत असायचा.

"सुचेताबेन, मिठाईवाल्याचा फोन आला. बोलतो, तुमच्या खोक्यात काजूकतली ठेवली तर गिऱ्हाईक मलाच मारेल."

"बरणीतला अजून ताजा आहे, शेठ. बघा ना, वास घ्या."

"अरे पण मला बरणी विकायची नाय ना!" त्यांनी रुमाल खाली घेतला, लगेच पुन्हा वर नेला. "एक बॅच अजून करा. लास्ट. नाय जमली तर आपला जुना माल चालू. मग लॅब तरी कशाला पाहिजे? सॅम्पल वसईला पाठवू, बाहेर रिपोर्ट मिळतो. आणि तुम्ही पण आता आराम करा. किती वर्षं धावणार?"

आराम हा शब्द ते इतक्या प्रेमानं बोलले, की सुचेतानं मान हलवली. ते खाली गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण हो म्हटलं.

आराम म्हणजे जेसल पार्कची ती दीड खोली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथं आई होती. आई शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हती, पण खोकायची तरी. आता रविवार आला की सुचेता स्वतःलाच मोठ्यानं विचारायची, "गॅस बंद केला का?" आणि "केला, केला," असं जरा चिडूनच उत्तर द्यायची. संध्याकाळी एखादं लिंबू आणायला खाली उतरायची. लिंबू घरात असायचंच. पण दुकानदार पिशवी पुढं करताना "और कुछ, आंटी?" म्हणायचा, आणि ती उगाच जरा विचार केल्यासारखं करायची. नाशिकचा भाऊ, कौस्तुभ, दसऱ्याला फोन करून "ताई, ये ना इकडे" म्हणायचा. कधी ये, ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही. असे सहा रविवार आठवड्यात जास्तीचे आले तर त्यांचं करायचं काय, हा प्रश्न तिच्यापुढं होता. गम टिकला तर सकाळी नीटनेटकी साडी नेसून बस पकडता येणार होती. नाही टिकला तर लिंबं.

एक माणूस मात्र तिच्या बाजूचा होता. धाकू. गमाची टाकी त्याच्या ताब्यात. गुहागरच्या आतल्या एका वाडीचा. बायको तिकडे, हा काशीमीऱ्याला चौघांत एक खोली करून. सगळा कारखाना सुचेताला म्याडम म्हणायचा. धाकू एकटा 'बाय' म्हणायचा, त्याच्या गावी बहिणीला, लेकीला म्हणतात तसं. दुपारी दोघं लॅबखालच्या जिन्याशी जेवायला बसत. तो भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी काढायचा, ती भाजी. खरं सांगायचं तर एकटीसाठी वांगी चिरायला तिचा हातच उठत नसे; पण अर्धी भाजी धाकूच्या भाकरीवर जाणार म्हटलं, की दाण्याचं कूटही आठवणीनं पडायचं.

"बाय, मीठ कमी झालंय आज," तो सांगायचा. तिच्या मिठाबद्दल बोलणारं जगात दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

गम का नासतो, याचा तपास तिनं पहिल्या खेपेपासूनच चालवला होता. पहिला संशय टँकरवर. मीरा-भाईंदरला राहणाऱ्या माणसाचा पहिला संशय पाण्यावरच जातो, मग दुखणं कसलंही असो. पाणी उकळून घेतलं. जोडीला स्टार्चच्या गोण्याही बदलल्या. नासला. मग ड्रम वाफेनं धुतले, टाकी घासून घेतली. धाकूनं टाकीत उतरून अशी घासली, की आत बघून भांग पाडावा. तरी नासला. तिचे गुडघे टाकीच्या लोखंडी शिडीला तयार नव्हते, म्हणून वर चढून तिनं कधी पाहिलं नाही. पाहायची गरजही वाटली नाही. धाकूनं धुतली म्हणजे धुतली.

शेवटच्या बॅचचा दिवस आला. सकाळी टाकी धुऊन झाली. जेवणानंतर पाणी सोडायचं होतं. सुचेताचा घास तोंडात फिरत होता.

"जेवा नीट, बाय. तोंड कशाला उतरलंय? आज होतंय बघा."

"तीन वेळा हेच म्हणालात तुम्ही."

"तीनदा एकच बादली होती." धाकू जरा जवळ सरकला, गुपित सांगावं तसा. "आज दोन ठेवल्यात."

"कसल्या?"

"शकुनाच्या."

तिला वाटलं, नारळ-बिरळ असेल, बादलीभर नारळ कसे काय, एवढीच शंका आली. "म्हणजे काय ठेवलंय त्यात?"

"जुना गम. मोठे शेठ होते तवापासनं हाय ते. टाकी खडखडीत रिकामी ठेवून त्यात नवा माल सोडायचा नाय. कणगी उपसली तरी तळाला पायलीभर भात राखतोच ना आपण? तसा जुना थोडा राखायचा, त्यावर नवा. मोठे शेठ सोता विचारायचे, 'धाकू, राखला ना?'" त्यानं चटणीचं बोट चाटलं. "आता तुमी टाकी धुवायला सांगितलीत. मी तुमचा शब्द मोडला नाय हां. आधी सगळी धुतली. धुतल्यावर मग बादली घातली."

"प्रत्येक वेळी?"

"परतेक येळी. ती काय, कोपऱ्यात गोणपाटाखाली हाय. जो गम होईल त्यातला थोडा काढून त्यात भर घालतो, म्हणजे खंड पडत नाय. ह्या तुमच्या गमावर शेठची नजर जरा वाकडीच. म्हटलं, बायच्या कामाला आपल्याकडनं काय कमी पडायला नको. म्हणून दोन."

सुचेता रोज रात्री दुधाला विरजण लावत आली होती. चमचाभर दही, कोमट दूध, सकाळी घट्ट कवडी. तिच्या डोळ्यांपुढं ती टाकी आली: चकचकीत, धुतलेली, आणि तिच्या तळाशी बादलीभर विरजण. बादलीत पडून राहिलेल्या गमातलं फॉर्मॅलिन उडून जायचं, पण जुना माल करताना टाकीत ताजं पडायचं आणि हे विरजण मरून जायचं. तिच्या नव्या गमात एवढं कडक मारणारं काही नव्हतंच. गोणपाटाखाली जपलेले, पोसलेले जंतू दर खेपेला उबदार स्टार्चच्या पंगतीला जाऊन बसत होते.

"आज घातलीत?"

"नाय, जेवून घालनार..."

ती उठली तशी मांडीवरचं डब्याचं झाकण जिन्यावरून खणखणत खाली गेलं. "अहो, घाण आहे ती! घाण घालताय तुम्ही माझ्या गमात! तीन-तीनदा!"

तिचा आवाज एवढा मोठा आहे हे तिलाही माहीत नव्हतं. पलीकडे शेडमध्ये माल चढवणारे हमाल जेवत होते. त्यांची तोंडं इकडे वळली. नाथा म्हणून एक होता, त्याला कुठं थांबावं कळत नसे. तो हसत ओरडला, "काय धाकूमामा, म्याडम काय बोलतायत? घाण?"

धाकूनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. सावकाश, दोन गाठी मारून. मग कोपऱ्यात गेला, गोणपाट काढलं आणि दोन्ही बादल्या उचलून तिच्यासमोर आणून ठेवल्या. बादल्या स्वच्छ होत्या. कडा पुसलेल्या, आणि एकीच्या कानाला हळदीचं बोट लावलेलं.

"कुठं टाकू, म्याडम?"

तिला ऐकू आलं ते. पण त्या क्षणी बॅच डोक्यात होती, शेठ होते, ते सहा रविवार होते. "नाल्यात नको," एवढंच तिच्या तोंडून निघालं. "वेगळ्या ड्रममध्ये. झाकण लावून."

"बरं."

त्या दिवशीचा गम बादलीशिवाय झाला.

दोन दिवसांनी तिनं धाकूला लॅबमध्ये बोलावलं. त्या बादलीतल्या गमात तिनं जंतू असले तर दाखवणारी तपासणीची एक पट्टी बुडवून उबेत ठेवली होती. आता तिच्यावर लाल ठिपके उगवले होते, एवढे दाट की ठिपके कुठले आणि पट्टी कुठली. दुसरी पट्टी नव्या गमाची, कोरी. तिनं दोन्ही त्याच्या हातात दिल्या. रात्रभर तिनं वाक्यं जुळवली होती. कुठं मऊ बोलायचं, कुठं थांबायचं.

"जुन्या गमात औषध कडक होतं ना, धाकू, म्हणून इतकी वर्षं तुमच्या बादलीनं काही बिघडलं नाही. तुम्ही जे करत होतात ते तेव्हा बरोबरच होतं. यात तुमची काही चूक नाही."

धाकूनं पट्टी उजेडाकडे धरली. "हे सगळं जितं हाय?"

"हो."

"आन् हा नवा कुणाला मारत नाय."

"नाही मारत. तेच तर..."

"मग गम चांगलाच हाय की. आमीच वाईट." त्यानं पट्ट्या टेबलावर जिथल्या तिथं ठेवल्या. "जाऊ मी, म्याडम? वाफ चालू ठेवून आलोय."

पंधरवडा गेला. महिना गेला. झाकणं सपाट राहिली. सुचेता रोज आल्याबरोबर पर्स खांद्यावर ठेवूनच अंगणातून एक फेरी मारायची आणि ड्रमवर टिचक्या वाजवायची, बाजारात कलिंगड बघतात तशा. मिठाईवाल्यानं माल नेला, अजून मागितला. गुणवंतशेठ वर आले ते रुमाल खिशात ठेवून.

"वास नाय, काय नाय! सुचेताबेन, कमाल केली. काय फरक केला?"

खाली धाकू पंप चालू करत होता. त्याचा आवाज खिडकीतून येत होता. सुचेता म्हणाली, "टाकी कशी धुवायची ते मी नीट सांगितलं नव्हतं, शेठ. माझ्याकडूनच राहिलं."

"एवढंच? अरे, होतं. चालायचं." ते इतके खूश होते, की त्यांनी टेबलावर थापच मारली. "लॅब चालू ठेवायची. तुम्ही रोज यायचं, आरामाची गोष्टच नाय. फक्त एक करा. आता दर वेळी टाकी धुतली, की पाणी सोडायच्या आधी तुम्ही स्वतः वर चढून बघायची. तुमचा ओके, मगच पाणी."

हव्या होत्या त्या सगळ्या गोष्टी एका दमात मिळाल्या. ती हसली. शेठ खाली उतरले आणि उतरता उतरता ज्याला त्याला सांगत सुटले, "म्याडमची मिस्टेक निघाली! पण पकडली कोणी? म्याडमनीच!"

अर्ध्या तासात धाकू लॅबच्या दारात उभा. न बोलावता तो कधी वर येत नसे.

"माझी चूक तुमी कशाला घेतलीत?"

"अहो, शेठ तुम्हाला बोलले असते..."

"बोलले असते तर ऐकलं असतं मी. मोठ्या शेठच्या येळचा मानूस हाय. बापाचं ऐकलं, लेकाचं नसतं ऐकलं? मी मागितलं होतं काय तुमच्याकडं?"

तुम्ही तरी बादली घालताना मला कुठं विचारलं होतंत, हे तिच्या अगदी ओठावर आलं. तिनं ते गिळलं. गिळताना तिला वाटलं, हे बोलून टाकलं असतं तर कदाचित तो हसला असता. पण तोवर तो चार पायऱ्या खाली गेला होता.

धाकू भांडला नाही, की कामात कसर केली नाही. टाकी पहिल्यापेक्षाही चांगली धुऊ लागला. फक्त दुपारी तो शेडमध्ये हमालांत बसू लागला. पहिल्या दिवशी सुचेता सवयीनं भरली वांगी घेऊन आली होती. जिन्याशी थोडा वेळ थांबली, मग वर लॅबमध्ये जाऊन एकटीच जेवली. उरलेली वांगी परत नेली आणि रात्री खाल्ली. मीठ कमी होतं की बरोबर, तिला काही केल्या ठरवता येईना. पुढं पुढं ती डब्यात पोळी आणि लोणचं आणू लागली. लवकर आटपायचं.

शेठच्या हुकमाप्रमाणं टाकी बघायची वेळ दर आठवड्याला यायची. एका दिवशी अशीच आली. बाहेर ट्रक मागं घेणाऱ्याचा "आने दो, आने दो" चालला होता.

"म्याडम, बघून घ्या," खालून हाक आली.

ती लॅबमधून खाली आली, साडीचा पदर खोचला आणि टाकीची शिडी चढली. एका पायरीवर दोन्ही पाय ठेवायचे, मग पुढची. वर फळीवर धाकू उभा होता. त्यानं हात पुढं केला नाही. पण ती चढत असताना शिडीचा वरचा दांडा धरून ठेवला होता. ती वर पोचल्यावर त्यानं तो सोडला आणि बाजूला झाला.

सुचेता टाकीच्या तोंडाशी वाकली. आत स्टीलचा गोल तळ. बॅटरीचा उजेड फिरवला तर कुठं डाग नाही, काठाला पापुद्रा नाही. तिचा श्वास आत जाऊन मोठा होऊन परत आला. एवढं मोठं भांडं, आणि आत काही म्हणजे काहीच नाही. हे तिनंच मागून घेतलं होतं.

"बघितलंत नीट?" धाकूनं विचारलं. "नंतर तक्रार नको."

"बघितलं."

"वास?"

"घेतला. काही नाही."

"काय नाय," तो म्हणाला. मीटरवरचा आकडा वाचावा तसा.

दोघंही जागचे हलले नाहीत. त्याला तिच्या होकाराशिवाय पाणी सोडायचं नव्हतं आणि तिचं लक्ष त्या तळावरून निघत नव्हतं. अशा रिकाम्या भांड्याशी त्यानं आयुष्यभर एकदाही उभं राहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि आता दर आठवड्याला तो उभा राहत होता, तिच्यासाठी.

"सोडा," ती म्हणाली. "लवकर सोडा पाणी."

धाकूनं तिच्याकडे एकदा बघितलं. मग वाकून व्हॉल्व फिरवला. पाइप गुरगुरला आणि पाण्याची धार तळावर आदळली. केवढा तरी आवाज झाला. ओके देऊन झाल्यावर तिचं वर काही काम नव्हतं. तरी तळ पुरता झाकेपर्यंत ती तिथंच वाकून राहिली, आणि धाकूनंही तिला हटकलं नाही.

"उतरा आता, म्याडम," मग तो म्हणाला आणि पुन्हा शिडीचा दांडा धरला. "फळी वली झालीय. घसराल."